जिभेचं सर्व्हिस कार्ड

काका कुठल्याही लिफ्टमध्ये शिरले की आधी टाचा उचलून हलकी उडी मारायचे. मग दार लावायचे.

लिफ्ट दुरुस्त करणं हे त्यांचं काम, पण कामावर असताना ती वापरायचे नाहीत. आठव्या मजल्यावर जायचं असलं तरी जिन्याने. कुणी विचारलं तर म्हणायचे, डॉक्टर काय रिकामी खाट दिसली म्हणून आडवा होतो का?

वय विचारलं की मजला सांगायचे. ते स्वतः एकोणसाठाव्या मजल्यावर. काकू छप्पन्नाव्या.

फोन उचलून हॅलो म्हणत नसत. 'कुठे अडकलाय?' असं विचारायचे. सख्ख्या बहिणीलासुद्धा.

चहाचा पहिला घोट घेण्याआधी अंगठ्याने टेबल दाबायचे, बटण दाबावं तसं.

खिशात वंगणाचं फडकं असायचं. कधीकधी चुकून त्याच फडक्याने चष्मा पुसला जायचा. मग दिवसभर सगळं कसं मऊ दिसतंय, म्हणून खुशीत असायचे.

आणि दर वाढदिवसाला, सकाळी, दात घासायच्या आधी, एक चमचा कडू दारू घ्यायचे. तिचा निकाल एका कार्डावर लिहायचे आणि खाली सही करायचे.

बाकीच्या सवयी मला दोन वर्षांत पाहून पाहून कळल्या. ही शेवटची कळायला त्यांच्या स्वयंपाकघरात जावं लागलं.

आमची ओळख तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मधे झाली. मी साहित्यात पदवी घेऊन नुकताच रिकामा झालो होतो. आमच्या इमारतीची लिफ्ट अडकली आणि आत मी एकटा होतो. पाऊण तास. वरून जाळीच्या दारातून दोन बूट दिसले आणि आवाज आला.

"घाबरलायस?"

मी नाही म्हणालो.

"बरं. दारू कुठली पितोस?"

मी खरं तेच सांगितलं. बिअर, तीही लिंबाचं सरबत मिसळून.

वरून आवाज आला, "म्हणजे तू एकोणिसाव्यावर आहेस. वय किती?"

"चोवीस."

"मग अडकलायस खरा," काका म्हणाले आणि लिफ्ट हलली.

पुढे त्यांनी मला काम दिलं. शहरातल्या चाळीस लिफ्ट त्यांच्या कंपनीकडे होत्या आणि त्यांच्यावर लावायच्या सूचनांची भाषा काकांना पटत नव्हती. 'असुविधेबद्दल दिलगीर' हे वाचून माणूस आणखी चिडतो, असं त्यांचं म्हणणं होतं. मी नवी सूचना लिहिली. 'बंद आहे. दुरुस्ती चालू.' काकांनी ती दोनदा वाचली आणि म्हणाले, यात एक शब्द फालतू नाही. माझ्या लेखनावर इतका चांगला अभिप्राय मला विद्यापीठात मिळाला नव्हता.

त्याच शनिवारी दुपारी चार वाजता ते मला बारमध्ये घेऊन गेले.

तो बार म्हणजे एक लांब खोली. रस्त्याच्या बाजूला खिडकी, आतल्या बाजूला भांडी घासण्याच्या खोलीचं दार. मधे एकच टेबल, आठ फूट लांब, अडीच फूट रुंद. मालकीणबाई चालवायच्या. त्या टेबलाला नियम होता आणि तो कुठे लिहिलेला नव्हता. दाराच्या टोकाला गोड पिणारे बसायचे. तिथून पुढे सरकत सरकत चव कडू होत जायची. आधी चेरीची वाइन. मग बिअर. मग कोला घातलेली रम. मग सोडा घातलेली व्हिस्की, मग पाणी घातलेली, मग कोरी. आणि अगदी शेवटी, खिडकीशी, टेबलाच्या डोक्यावर एकच खुर्ची. त्या खुर्चीतला माणूस फक्त काळी पीत असे.

काळी म्हणजे मुळं आणि साली भिजवून केलेली एक दारू. रंग डांबराचा. वास औषधांच्या कपाटाचा. मी एकदा झाकणभर चाखली. माझे कान आतून वळले.

काकांनी मला टेबलाचं तत्त्व समजावून सांगितलं. जीभ वयाबरोबर वर चढते. गोडाकडून कडूकडे. एकेक मजला. मधला मजला गाळता येत नाही आणि खाली येणं शक्य नाही. पन्नाशीतला माणूस चेरीची वाइन मागताना दिसला तर समजायचं, त्याचा दोर घसरलाय. त्याच्याशी सौम्यपणे बोलायचं, घाई करायची नाही.

"आणि ज्याला कधीच कडू आवडलं नाही तो?" मी विचारलं.

"तो तळमजल्यावर म्हातारा होतो," काका म्हणाले. त्यांना ते फार वाईट वाटत होतं.

मला त्यांनी बिअरच्या जागी बसवलं, पण खुर्ची दाराकडे चार बोटं सरकवून. लिंबाच्या सरबतासाठी.

स्वतः काका कोऱ्या व्हिस्कीच्या जागी बसायचे. खिडकीपासून तिसरे. त्यांच्या पुढे दोन म्हातारे, समोरासमोर. एक बॉयलरवाले, पूर्वी कापडगिरणीचा बॉयलर सांभाळणारे. दुसरे टपालवाले, टपाल खात्यातून निवृत्त. दोघे काळी आणि कोरी यांच्या उंबरठ्यावर होते. कधी ही, कधी ती. त्यांनी खिडकीच्या खुर्चीवर हक्क सांगितला नव्हता, कारण बॉयलरवाल्यांना खिडकीतलं वारं सोसत नसे आणि टपालवाले म्हणत, मला परीक्षा घ्यायला आवडते, द्यायला नाही. खुर्चीत जहाजावरचे एक जुने आचारी बसायचे.

आता कार्डाबद्दल.

काकांना काम शिकवणाऱ्या उस्तादांची जागा एके काळी तीच खुर्ची होती. काका अठ्ठावीस वर्षांचे झाले त्या दिवशी उस्तादांनी त्यांना काळीची एक बाटली दिली आणि सांगितलं, दर वर्षी एक चमचा. ज्या दिवशी ही आवडेल त्या दिवशी तू पुरा झालास. काकांनी ते लिफ्टच्या दोरांसारखं मनावर घेतलं. लिफ्टला असतं तसं सर्व्हिस कार्ड आणलं, वर 'जीभ' असं लिहिलं आणि स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला आतून लावलं. बाटली त्याच कपाटात, वरच्या फळीवर.

मी ते कार्ड वाचलंय. पहिल्या तीन ओळी सारख्याच होत्या. 'तपासली. अतिशय कडू. थुंकली.' चौथ्या वर्षी, 'तपासली. कडू. गिळली.' नवव्या वर्षी, 'कडू, पण राग येत नाही.' चौदाव्याला, 'बरी.' बाविसाव्याला नुसतं 'हं.' मग बरीच वर्षं प्रगती संथ होती. आणि एकोणसाठाव्या वाढदिवसाची ओळ ठळक अक्षरात, 'तपासली. गोडसर लागते. जीभ तयार.'

ही बातमी त्यांनी टेबलावर सांगितली तेव्हा मी तिथे होतो. बॉयलरवाल्यांनी ग्लास खाली ठेवला. टपालवाल्यांनी चष्मा काढून ठेवला. त्या टेबलाच्या इतिहासात काळी कुणाला गोड लागली नव्हती. आवडली होती, सोसली होती, पण गोड नाही. कडूच्या पलीकडे एक मजला असेल अशी कुणाला कल्पनाच नव्हती. पुढचं वर्षभर ते दोघे काकांशी जरा जपूनच बोलायचे आणि आपापल्या ग्लासाकडे अपराध्यासारखे बघायचे.

मग जहाजावरचे आचारी लेकीकडे दुसऱ्या गावी राहायला गेले. खुर्ची रिकामी झाली.

तेव्हा काकांच्या निवृत्तीला पाच आठवडे उरले होते. साठाव्या मजल्यावर कंपनी माणसाला उतरवते. त्यांचं पुढचं काही ठरलेलं नव्हतं. मला ते एकदा जिन्यात म्हणाले, सदतीस वर्षं कुणीतरी कुठेतरी अडकलेलं असायचं, म्हणून मला जायला जागा असायची. आता ती खुर्ची मिळाली तर बरं. निदान माणूस कुठे बसतो हे ठरलेलं राहील.

ते एवढंच म्हणाले आणि पुढच्या पायऱ्या चढायला लागले. त्यानंतर दोन मजले त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

खुर्चीसाठी परीक्षा होती. शनिवारी चार वाजता, खिडकीकडे तोंड करून बसायचं, म्हणजे उजेड चेहऱ्यावर पडतो. काळीचे तीन छोटे ग्लास. चेहरा बदलता कामा नये. शेवटी चव एका शब्दात सांगायची आणि ती खरी सांगायची.

परीक्षेच्या दोन दिवस आधी, गुरुवारी, काकूंनी मला घरी बोलावलं. काका कामावर होते. काकू रंगाच्या दुकानात कामाला होत्या. गिऱ्हाईक भिंतीचा एक टवका घेऊन यायचं आणि काकू त्याच्याशी तंतोतंत जुळणारा रंग मिसळून द्यायच्या. शहरात त्यांच्याइतकं अचूक जुळवणारं कुणी नव्हतं. त्यांच्या नखांत कायम कुठली ना कुठली छटा असायची. त्या दिवशी हिरवट राखाडी होती.

त्यांनी कपाट उघडलं, बाटली काढली, एक चमचा ओतला आणि माझ्यापुढे धरला. मी कान सांभाळत प्यायलो.

थंड चहा होता. साखर घातलेला.

मी रिकामा चमचा पुन्हा हुंगला.

"खरी बाटली फुटली," काकू म्हणाल्या. "तिसऱ्या चमच्यानंतर. घर बदलताना. माझ्या हातून."

मग त्यांनी सगळं सांगितलं, एखाद्या डब्यातल्या रंगाचं प्रमाण सांगावं तसं. उस्तादांची बाटली फुटली हे सांगायचा त्यांना धीर झाला नाही. त्यांनी तशीच रिकामी बाटली मिळवली आणि घरीच काळी जुळवली. उकळलेला चहा, कॉफी, जाळलेली साखर, संत्र्याची सुकी साल आणि मलेरियाची एक गोळी. वाढदिवस आला. पण आधीच्या तिन्ही वर्षी थुंकल्यावर काका दोन दोन दिवस कुणाशी बोलले नव्हते, हे त्यांच्या लक्षात होतं. म्हणून त्यांनी गोळी अर्धीच घातली. काकांनी गिळली. कार्डावर लिहिलं. संध्याकाळी शिट्टी वाजवत जिना चढले.

"मग मी दर वर्षी एकेक छटा फिकी करत गेले," काकू म्हणाल्या. "म्हटलं, चढू दे बिचारा एकेक मजला. पण हे इतकं वर जाईल हे मला काय माहीत? गेल्या वर्षी कॉफी संपली होती आणि मला सर्दी. साखर जास्त पडली."

एकोणतीस वर्षं. मी मनात कार्डाच्या ओळी आठवत होतो. ती मी वाचलेली सर्वांत प्रामाणिक आत्मकथा होती आणि तिच्यातला पहिल्या तीन ओळींनंतरचा शब्द न् शब्द काकूंनी शिजवलेला होता.

काकूंनी बाटली वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या हातात दिली. बारच्या मालकीणबाईंना सांगायचं, शनिवारी यातूनच ओता. मी नाही म्हणू शकलो असतो. पण काकूंनी तोवर माझ्या चपला सरळ करून दाराशी ठेवल्या होत्या.

मालकीणबाईंनी झाकण उघडून वास घेतला. "चहा आहे हा."

मी हो म्हणालो. आणि सगळी हकीकत सांगितली.

त्यांनी ती शांतपणे ऐकली, बाटली परत गुंडाळली आणि माझ्या काखेत दिली. त्यांच्या सासऱ्यांपासून या बारमध्ये कुणी चहा मागितलेला नाही, आणि परीक्षेत तर तो मिळणारच नाही, असं त्यांनी मला समजावलं. वर हेही म्हणाल्या की ज्या बाईने एवढी मेहनत घेतली तिला माझा नमस्कार सांग. मी बाटली पिशवीत घालून शनिवारची वाट बघत बसलो. काकांना काही सांगितलं नाही. सांगायला वाक्य सापडत नव्हतं.

शनिवारी काका दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून आले. खिडकीकडे तोंड करून बसले. बॉयलरवाले डावीकडून, टपालवाले उजवीकडून त्यांच्या चेहऱ्यावर डोळे लावून बसले. मालकीणबाईंनी तीन ग्लास भरले. अस्सल काळी.

काकांनी अंगठ्याने टेबल दाबलं आणि पहिला ग्लास घेतला.

चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. फक्त टेबलाखाली त्यांचा उजवा बूट जमिनीपासून दोन इंच वर उचलला गेला आणि तसाच राहिला. ते मी एकट्याने पाहिलं. दुसऱ्या ग्लासाला डावा बूटही उचलला गेला. तिसऱ्याला ते अक्षरशः अधांतरी बसले होते, पण चेहरा जसाच्या तसा. नंतर मला उलगडलं. लिफ्ट अडकली की आतली माणसं आधी लिफ्टवाल्याचा चेहरा बघतात. सदतीस वर्षं त्यांनी तो सांभाळला होता.

"चव?" टपालवाल्यांनी विचारलं.

काकांनी तिसऱ्या ग्लासाची कड खिशातल्या फडक्याने पुसली. बॉयलरवाल्यांनी मान पुढे काढली. 'गोड' हा शब्द ऐकण्याची त्या दोघांनी मनाची तयारी केली होती आणि ती तयारी बघवत नव्हती.

"कडू," काका म्हणाले.

दोघांचा जीव भांड्यात पडला. बॉयलरवाले म्हणाले, अहो आम्हालाही कडूच लागते, वर्षभर झोप नव्हती. टपालवाल्यांनी परीक्षा पास झाल्याचं जाहीर केलं. खुर्ची मागे ओढून धरली.

काका तिच्यात बसले नाहीत.

"माझ्या घरी ही गोड लागते," ते म्हणाले. "इथे कडू. मधे कुठेतरी बिघाड आहे. तो सापडल्याशिवाय मी बसणार नाही."

सगळ्यांनी समजूत घातली. टपालवाले म्हणाले, चेहरा पास झाला, चव खरी सांगितली, आणखी काय हवं? पण काकांनी आजवर कधी न तपासता कार्डावर सही केली नव्हती. त्यांनी आपल्या पिशवीतून माझी पाटी काढली, 'बंद आहे. दुरुस्ती चालू.', आणि त्या खुर्चीला लटकवली. मालकीणबाईंकडून काळी एका रिकाम्या औषधाच्या बाटलीत घेतली. मला म्हणाले, चल.

घरी काकू दारातच उभ्या होत्या. काका सरळ स्वयंपाकघरात गेले, कपाट उघडलं. वरची फळी रिकामी. मी माझ्या पिशवीतून ती वर्तमानपत्रात गुंडाळलेली बाटली काढून ओट्यावर ठेवली.

काकांनी दोन चमचे घेतले. एकात बारमधली, एकात घरची. दोन्ही चाखले. मग पालथ्या बादलीवर बसले.

काकूंनी सांगितलं. मला सांगितलं होतं तेच, पण निम्म्या शब्दांत. काका ऐकत होते. मला वाटलं होतं ते ओरडतील. ते मेकॅनिकसारखे प्रश्न विचारू लागले.

"छटा जुळवायला नमुना कुठला वापरलास? खरी तर फुटली होती."

"दुसरी आणली होती. अस्सल."

"ती कुठे आहे?"

"दुकानात. थिनरच्या बाटल्यांच्या मागे."

"एवढी वर्षं?"

"तीच नव्हे. ही अकरावी."

काकांनी चमचा खाली ठेवला. काकू ओट्याला टेकून उभ्या होत्या आणि पहिल्यांदाच त्यांना अवघडल्यासारखं झालं होतं. आठवणीवरून छटा कधी जुळवायची नाही, हा त्यांच्या दुकानातला पहिला नियम होता. प्रत्येक वेळी नमुना समोर हवा. म्हणून दर वर्षी, काकांचा चमचा तयार करायच्या आधी, त्या एक झाकण अस्सल चाखत. मग वाटलं, दोनदा चाखलं तर जास्त बरोबर अंदाज येईल. मग महिन्यातून एकदा. आता गेली बरीच वर्षं दर गुरुवारी, दुकान बंद करण्याआधी, झाकणभर.

"आणि तोंड वाकडं होत नाही तुझं?" काकांनी विचारलं.

"कशाला होईल? चांगली असते."

काका बादलीवरून उठले, दुसरा चमचा, बारमधल्या काळीचा, काकूंपुढे धरला. काकूंनी तो सहज घेतला. जिभेवर फिरवला. डोळे जरा बारीक केले, जसं त्या भिंतीच्या टवक्याकडे बघतात.

"ही जरा पातळ आहे," त्या म्हणाल्या. "पाणी घालतात का त्या?"

काकांच्या चेहऱ्यावर तेव्हा जे आलं ते वर्णन करायला मला अजून जमलेलं नाही. राग नव्हता. पाऊण तास अडकलेल्या माणसासाठी दार उघडावं आणि तो आत नसावाच, तसं काहीसं. ते हळूच म्हणाले, "तू एकही मजला न घेता वर गेलीस."

"मला कुठे माहीत होतं मजले असतात ते," काकू म्हणाल्या. "तुम्ही कधी नेलंत का तिथे?"

मग काका माझ्याकडे वळले. तुला माहीत होतं? मी म्हणालो, गुरुवारपासून. त्यांनी मान हलवली. "म्हणजे तूही मधेच अडकला होतास. हाक मारायची ना रे."

पुढच्या शनिवारी काकू बारमध्ये आल्या. काकांनी टेबलाला सगळं सांगितलं, स्वतःला एक शब्दही न वाचवता. बॉयलरवाल्यांचा आक्षेप होता. ज्या बाईने कधी चेरीची वाइन घेतली नाही, बिअर नाही, कोला नाही, सोडा नाही, तिची जीभ वर गेलीच कशी? टपालवाले म्हणाले, पत्ता चुकला तरी पत्र पोचलं आहे, तेव्हा परीक्षा घेऊ. काकू उजेडाकडे तोंड करून बसल्या. तीन ग्लास झाले. चेहरा बदलला, पण उलट दिशेने. तिसऱ्या ग्लासाला त्या चक्क हसल्या.

"चव?" टपालवाल्यांनी विचारलं.

"पातळ," काकू म्हणाल्या.

मालकीणबाई आत गेल्या आणि झाकण न उघडलेली नवी बाटली घेऊन आल्या.

काकांनी स्वतःच्या हाताने पाटी काढली आणि खुर्ची काकूंना दिली. मग स्वतः खिडकीपासून तिसऱ्या जागेवर न जाता टेबलाच्या कडेकडेने चालत गेले. व्हिस्कीच्या पुढे, रमच्या पुढे, माझ्याही पुढे. अगदी दाराशी बसले. आणि चेरीची वाइन मागितली.

बॉयलरवाल्यांनी कपाळाला हात लावला. टपालवाले काकांशी सौम्यपणे बोलू लागले, घाई न करता.

"अहो, मला कोरी कधीच आवडली नाही," काका म्हणाले. "सोडाही नाही. मी वेळापत्रकाप्रमाणे पीत होतो."

त्यांनी वाइनचा घोट घेतला. त्यांचे दोन्ही बूट जमिनीवर होते.

आता टेबलाच्या एका डोक्यावर काकू आणि दुसऱ्या टोकाला काका, मधे आठ फूट. काकू काही बोलल्या की काका कानाला हात लावून 'काय?' विचारायचे. बॉयलरवाले ते मधे बसून पुढे सांगायचे आणि सांगताना बदलायचे. 'घरी जाताना पाव घ्या' याचं 'घरी जाण्याचं नाव घ्या' झालं आणि काका उठून निघाले. त्यांना रस्त्यातून परत आणावं लागलं. दोन शनिवार असेच गेले. तिसऱ्या शनिवारी काकू म्हणाल्या, घरी आपण चार फुटांत राहतो, इथे येऊन लांब बसायचं असेल तर मी आपली थिनरपाशीच बरी.

काकांची निवृत्ती चार दिवसांवर होती. ते उठले. दाराच्या चौकटीला टेकून टेबलाकडे बघत राहिले, लिफ्ट का थांबते हे बघावं तसं.

बुधवारी दुपारी ते करवत घेऊन आले.

त्यांचं म्हणणं असं होतं की दोष माणसांत नाही, टेबलात आहे. टेबलाला टोकं आहेत म्हणून गोड एकीकडे आणि कडू एकीकडे. कोपरे कापले की टेबल गोल. गोलाला डोकं नसतं. मग चेरीच्या शेजारी काळी बसली तरी कुणाचं काही बिघडत नाही. मालकीणबाईंनी परवानगी दिली, कारण त्यातल्या एका कोपऱ्याने वीस वर्षं त्यांच्या कमरेचे हाल केले होते. बॉयलरवाले म्हणाले, मी हे बघणार नाही, आणि खुर्ची पुढे ओढून बघत बसले. टपालवाल्यांनी शंका काढली. कोपरे कापल्याने लांब टेबल गोल होत नाही, त्याची होडी होते.

"होडीत सगळे जवळच बसतात," काका म्हणाले.

काकू दुकानातून अर्धी सुट्टी घेऊन आल्या होत्या. त्यांनी पेन्सिलने चारही कोपऱ्यांवर रेघा मारून दिल्या. चारही रेघा तंतोतंत सारख्या. काकांनी कापायला सुरुवात केली. खिडकीकडचे दोन कोपरे आधी. लाकूड जुनं आणि घट्ट होतं, त्यातून इतक्या वर्षांच्या सांडलेल्या सगळ्या दारूंचा एकत्र वास येत होता. मी टेबल धरून होतो. तिसरा कोपरा खाली पडला तेव्हा मालकीणबाई त्याच्या जागेवरून कंबर सांभाळत दोनदा मुद्दाम जाऊन आल्या.

चौथा कोपरा निम्मा कापून झाला आणि काकांचा फोन वाजला.

"कुठे अडकलाय?" काकांनी विचारलं.

एक दातांचे डॉक्टर होते, सहाव्या आणि सातव्याच्या मधे, आणि वर त्यांच्या खुर्चीत एक पेशंट तोंड उघडं ठेवून बसला होता. ते काकांचं शेवटचं काम होतं. करवत त्यांनी लाकडातच सोडली, हात फडक्याला पुसले, काकूंना म्हणाले, "एवढा माणूस काढतो आणि आलोच."

ते आले. पाच वाजता आले, काकूंच्या शेजारी बसले, कारण तिथे आता बसता येत होतं. एकाच्या ग्लासात लाल, एकीच्या काळं. गप्पा सुरू झाल्या. कोपऱ्याची आठवण कुणाला राहिली नाही.

त्याला आता सात महिने झाले. काका निवृत्त आहेत. दर शनिवारी येतात, आणि मधल्या वारांनाही. उठून चार हात मारले की काम होईल, हे त्यांना माहीत आहे. मी दोनदा विचारलं. पहिल्यांदा म्हणाले, ग्लास संपू दे. दुसऱ्यांदा काकू काहीतरी सांगत होत्या आणि त्यांनी मला हाताने थांबवलं. करवत चौथ्या कोपऱ्यात निम्म्यावर उभी आहे. तिच्या पुढे पेन्सिलची रेघ अजून स्पष्ट दिसते. बॉयलरवाले तिच्या मुठीला टोपी अडकवतात.